दामूचे ओटे

दामू, परवा तुझं तेरावं झालं आणि काल संत्रा सोसायटीच्या शेडमध्ये तुझी शोकसभा झाली. दोन्हीला मी हजर होतो. तू बोलावत होतास तेव्हा नागपूरहून पांढुर्ण्याला यायला मला कधी सवड झाली नाही. तू गेल्याची तार आली आणि दोन तासांत मी स्टेशनावर! यावर तू हसला असतास, तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत. ते हसू आता कुठे बघायला जाऊ?

तेराव्याच्या पंगतीत एक म्हातारेबुवा मला विचारत होते, "तुमी दामूचे कोन?" मी म्हटलं, सौंसरच्या विकास कार्यालयात आम्ही एका टेबलावर बसायचो. ते मान हलवून म्हणाले, "म्हंजे तुमीच ते वसंता. आठवन काढे तो."  तू माझी आठवण काढत होतास हे मला माहीत होतं. कशी काढत होतास ते विचारायचा धीर झाला नाही.

स्वराज्य आलं तसं कार्यालय आलं, आणि कार्यालय आलं तसे तक्ते आले. खताचा खड्डा कसा भरायचा, कापूस शेतातून गाठीपर्यंत कसा जातो, सगळ्याचा तक्ता. साहेब त्याला फ्लो चार्ट म्हणायचे. तू दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'वाटेचा तक्ता' करून टाकलंस आणि आठवड्यात साहेबही तेच म्हणायला लागले. मी सौंसरच्या गुरुजींचा मुलगा, नागपुरात ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला, जवळ मखमली खणांची कंपासपेटी. तू रामाकोन्याच्या कास्तकाराचा मुलगा, पोळ्याला बैलांची शिंगं आणि एरवी बैलबंड्यांची चाकं रंगवणारा. तुझी रंगवलेली एक बंडी तहसिलीसमोर उभी होती, ती पाहून साहेबांनी तुला रोजंदारीवर घेतलं. मला ते आवडलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी माझी कंपासपेटी टेबलाच्या माझ्या बाजूला सरकवून ठेवली, आणि तू तुझा खारीच्या केसांचा कुंचला शर्टाला पुसून बरोबर तिच्यावरच ठेवलास.

तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. तक्ता कशानं काढायचा? माझं उत्तर ठरलेलं: रूलिंग पेन, टी-स्क्वेअर, काळी शाई, आणि अक्षरं साच्यातून काढल्यासारखी. तू म्हणायचास, हत्यार सगळ्यात शेवटी निवडायचं. आधी खडूनं जमिनीवर वाट काढायची, तिच्यावरून चालायचं, आणि पाय जिथे अडखळतील तिथे तक्ता चुकला म्हणून समजायचं. मी म्हणायचो, ही काय लंगडी आहे? तू म्हणायचास, "लंगडीच आहे बाप्पा. पन लंगडीत मानूस घर चुकत नाही."

सोसायटीनं पांढुर्ण्याच्या स्टेशनाजवळ संत्र्यांची शेड बांधायची ठरवली तेव्हाचे तीन दिवस मला जसेच्या तसे आठवतात. साहेबांनी सांगितलं, नकाशा करण्याआधी संत्र्याची वाट काढून आणा, म्हणजे शेडमध्ये काय कुठे हवं ते कळेल. तू कार्यालयाच्या फरशीवर खडूनं रेघा ओढल्यास, चपला दाराशी काढल्यास आणि रिकामं टोपलं डोक्यावर घेतलंस.

"मी संत्रा हाव," म्हणालास. "बंडीतून उतरलो. सांग, आता कुठी जाऊ?"

"निवडीला जा."

"निवड झाली. सडका निघालो तं?"

"तर बाहेर फेकतील."

"कुठून फेकतील? इथं तं पेटीवाला खिळे ठोकून राहिला. त्याच्या डोक्यावर फेकू?"

मी पोट धरून हसलो, आणि हसता हसता खिळे ठोकण्याची जागा पुसून दुसरीकडे केली. असं तीन दिवस तू संत्रा होऊन चाललास. उतरवणं, निवडणं, पुसणं, कागदात गुंडाळणं, गवत घालून पेटीत भरणं, खिळे, वजन, आणि शेवटी वॅगन. चपराशी टोपलं घेऊन तुझ्या मागे चालायचा. साहेबही एकदा चालले. त्या फरशीवर जितकं खरं काम झालं तितकं मी नंतर कुठल्याही ड्रॉइंग बोर्डावर केलं नाही, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

चौथ्या दिवशी तक्ता कागदावर उतरवायचा होता आणि आपण पुन्हा जुंपलो. तुला कुंचल्यानं काढायचा होता. प्रत्येक कामाला एक गोल, तोही घरच्या वाटीभोवती फिरवून काढलेला, आणि पहिल्या गोलात कच्चा हिरवा रंग, मग पिवळा, मग होता होता शेवटी पिकला केशरी. म्हणजे भरली बंडी घेऊन आलेल्या माणसाला खाली न उतरताही समजेल की रंग पिकतो तिकडे जायचं. मी म्हटलं, गोलात अक्षरं बसत नाहीत, आणि सरकारी तक्त्यात वाटी कसली फिरवतोस? चौकोन हवेत.

"चौकोन काढला का मानसाले खोली दिसते, वसंता."

"माणसाला काहीही दिसू दे. साहेबांना तक्ता दिसला पाहिजे."

साहेबांनी काम मला दिलं, कारण कोर्सचं प्रमाणपत्र माझ्याकडे होतं. मी दोन दिवस मान वर केली नाही. आठ चौकोन, प्रत्येकाला काळी दुहेरी रेघ, रेघा अशा की केस लावून बघावा. बाण चौकोनात शिरतो तिथे रेघ जरा तोडलेली, म्हणजे बाण मोकळा दिसावा. आणि मग दोन रेघांच्या मधल्या पट्टीत पातळ लाल रंग. काळ्याच्या मधे तो लाल असा खुलला की मी खुर्ची मागे सरकवून दहा मिनिटं नुसता बघत बसलो.

लाल म्हणजे वीट, दामू. इमारतीच्या नकाशात दुहेरी रेघेत लाल भरला की ती विटेची भिंत असते. हे आम्हाला कोर्सच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. मला ते माहीत होतं. तू बाजूनं, उभ्यानं, डोकं कलतं करून तक्ता पाहिलास.

"देखना झाला," म्हणालास. "पन हे लाल काऊन?"

"शोभेला."

तू काही बोलला नाहीस. बोलायला हवं होतंस, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. म्हणजे माझ्या चुकीतला थोडा वाटा तुझ्या गप्प बसण्यालाही द्यायची माझी तयारी होती. असा मी तुझा मित्र.

मग आपण प्रदर्शनासाठी दोन-तीन आठवडे जामसांवलीला गेलो. हनुमानाला आलेली माणसं दर्शन करून आपल्या मांडवात शिरायची आणि खताच्या खड्ड्याच्या चित्रालाही हात जोडायची. तू प्रत्येकाला वाट समजावून सांगत होतास आणि घसा बसला तरी थांबत नव्हतास. इकडे शेडचा खरा नकाशा मंजुरीसाठी नागपुरात अडकलेला. सोसायटीला घाई, कारण संत्रा झाडावर वाट बघत नाही. साहेबांनी कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला माझा तक्ता कोणीतरी काढून नेला आणि रामजी मिस्त्रीच्या हातात दिला.

रामजी मिस्त्री हाडाचा प्रामाणिक माणूस. त्यानं तक्ता समोर ठेवून काम केलं. आपण परत आलो तेव्हा स्टेशनाजवळ एका ओळीत आठ खोल्या छातीइतक्या उंच उभ्या होत्या. जिथे जिथे बाण होता तिथे तिथे दार. जिथून सबंध मोकळी वाट जायला हवी होती तिथे संत्र्याला आठ खोल्या हिंडून यावं लागणार होतं. सगळ्यात मोठी खोली शेवटची, कारण शोभेसाठी मी शेवटचा चौकोन मोठा काढला होता. त्यात मी 'वॅगन' लिहिलं होतं. रामजी अभिमानानं म्हणाला, "कागदाच्या बाहेर एक ईट नाही गेली, साहेब. फक्त या खोलीत रेलगाडी कशी घेता ते नाही समजलं."

तिथे कोणालाच हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सोसायटीची बैठक बसली. साहेब, अध्यक्ष, आठ-दहा बागायतदार, आणि मधे टेबलावर माझा तक्ता. अध्यक्षांनी विचारलं, "हा कोनं काढला?"

 तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली आणि तू उठलास.

"मी काढला, साहेब. लाल रंग मीच भरला. मले नकाशाचं समजत नाही."

साहेबांना खरं माहीत असणार. काम त्यांनीच मला दिलं होतं. पण मंजूर नकाशा नसताना तक्ता भिंतीवर लावला, ही चूक त्यांचीही होती आणि रोजंदारीवरचा माणूस सगळ्यांनाच सोयीचा होता. ते माझ्याकडे बघत होते की काय, मला ठाऊक नाही. मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

बाहेर आल्यावर स्टेशनासमोरच्या हॉटेलात मी तुझ्यावरच चिडलो. "कायले उठला बे?"

"तुह्या कायम होन्याचा कागद येऊन राहिला ना या महिन्यात," तू बशीत चहा ओतत म्हणालास. "आता तुहं नाव लागलं तं कागद वापस. मले काय, मले बंडी रंगवता येते. तुले काय येते?"

मी हसलो. दामू, मी तेव्हा मोकळेपणानं, सुटलेल्या माणसासारखा हसलो. आजवर माझ्या हातून ज्या काही गोष्टी झाल्या त्यांत त्या हसण्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

आठवड्यात तुझी रोजंदारी बंद झाली. त्या महिन्यातच माझा कागद आला. तू सौंसर सोडलंस, शांतावहिनीला घेऊन पांढुर्ण्याला आलास आणि दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलास. आणि त्या शेडकडे पाठ फिरवायची सोडून रोज सकाळी तिथेच! रामजीला म्हणालास, सगळ्या भिंती पाडू नको, कमरेइतक्या राहू दे. वरून घोटीव सिमेंट कर. मग तू पुन्हा टोपलं डोक्यावर घेतलंस आणि संत्रा होऊन चाललास. जिथे अडलास तिथे भिंत पाडली, जिथे अडला नाहीस तिथे ठेवली. बाया त्या ओट्यांशी उभ्या राहून संत्री निवडायला लागल्या, वाकून कंबर धरायची गरज उरली नाही. लोक त्यांना दामूचे ओटे म्हणायला लागले. हे सगळं मी दुसऱ्यांकडून ऐकलं.

मग राज्यं नव्यानं मांडली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिलं आणि त्याची राजधानी भोपाळला गेली. कार्यालयात फॉर्म आले, ज्याला जिकडे जायचं त्यानं तिकडचं लिहावं. मी नागपूर लिहिलं. तुला विचारलं नाही, सांगितलंही नाही. कळल्यावर तू सौंसरच्या मोटार स्टँडवर मला पोचवायला आलास, रामाकोन्याच्या बागेतली संत्री पंच्यात बांधून. म्हणालास, "आता तू परदेशी झाला." मी म्हटलं, दोन-अडीच तासांचा तर रस्ता. तू म्हणालास, "म्हून तं म्हनलं. जवळचा परदेश लै दूर असते."

खरं होतं ते. मी सगळ्यांना सांगायचो, मधे राज्याची सीमा आली, भेटी होत नाहीत. सीमेवर मला कोणी कधी अडवलं नाही. गाडी तिथे थांबतसुद्धा नाही.

दर हंगामात तुझं एक कार्ड यायचं. त्यात शेडच्या तक्त्याचं चित्र आणि एखादा प्रश्न. शेडसाठी तू तक्ता नव्यानं केला होतास, तुझ्या गोलांचा, पिकत जाणाऱ्या रंगांचा. आता कागदपत्रं हिंदीत यायला लागली म्हणून 'निवड'खाली 'छँटाई' लिहिलं होतंस. टिनावर कुठला रंग टिकेल? बारीक अक्षराला कुंचला की लोखंडी निब? मी उलटटपाली चार-चार पानं पाठवायचो. निबांच्या जाती, शाई कशी गाळायची, पेन कुठल्या कोनात धरायचं. निबांबद्दल मी जितकं तुला लिहिलं तितकं बायकोलाही कधी कशाबद्दल लिहिलं नाही. प्रत्येक कार्डाच्या खाली तुझी एकच ओळ असायची, "ओटे पाहाले ये." तिचं उत्तर तेवढं मी देत नव्हतो.

इथे नागपुरात मी काय करतो, सांगू? नवं काम आलं की टेबलं बाजूला करतो, खडू घेतो, फरशीवर वाट काढतो आणि सगळ्यांना चालायला लावतो. साहेबलोक खूश असतात. याला इथे वसंतरावांची पद्धत म्हणतात. मी एकदाही म्हटलं नाही की ही पद्धत दामूची आहे. पण चालताना दर वेळी माझे कान मागे असतात. कोणीतरी म्हणेल, आता कुठी जाऊ? कोणी म्हणत नाही. मुकाट्यानं चालतात आणि मुकाट्यानं बसतात. तुझ्यावाचून ते नुसतं चालणं असतं. मला तुझ्याशी भांडायचं आहे रे. अजून कितीतरी दिवस, एका टेबलावर बसून. गोल बरा की चौकोन, यावर तू मला हरवायला हवं होतंस आणि मी हरलो म्हणायला हवं होतं. ते राहून गेलं.

काल मी ते ओटे पहिल्यांदा पाहिले. हात फिरवला. गार, गुळगुळीत, कोपरे गोल केलेले. भिंतीवर तुझा तक्ता. तो मी दारातूनच वाचला, आत पाऊल न टाकता.

सभेत अध्यक्ष बोलायला उठले. तेच अध्यक्ष, आता काठी टेकत. म्हणाले, "दामूनं एक मोठी गलती केली होती, हे सगळ्यायले ठाऊक आहे. लाल रंग भरला अन् मिस्तरीनं भिंती बांधल्या. पन गलती करून तो पळाला नाही. त्यानंच ते सुधरवलं. गलती अशी सुधरवावी."

माणसं माना डोलवत होती. तुझ्या मुलांच्या देखत, तुझ्या शेडमध्ये, ती चूक तुझ्या नावानं पुन्हा एकदा लिहिली जात होती. मी उठलो.  म्हटलं, "तो तक्ता दामूनं नाही काढला. मी काढला. लाल रंग मी भरला, त्याचा अर्थ ठाऊक असून भरला. दामूनं मला चौकोन काढू नको म्हटलं होतं. बैठकीत तो माझ्यासाठी उठला आणि मी बसून राहिलो."

 मला वाटलं, आता कोणीतरी शिवी देईल. मी तिची वाट बघत होतो.

अध्यक्ष काठी टेकत माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. सभेकडे वळून म्हणाले, "पाहा. मेलेल्या मानसाचं नाव राहावं म्हून हा मानूस इतक्या लोकांत दोष आपल्या अंगावर घेऊन राहिला. मैतर असावा तं असा."

मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं. कोणीतरी मला पाणी दिलं. दुसऱ्यानं हाताला धरून बसवलं. "समजते भाऊ, समजते," म्हणाला. रामजी मिस्त्री म्हातारा झाला आहे, तोही रडत होता. मी इतका स्पष्ट बोललो होतो आणि कोणाचाही विश्वास बसला नव्हता. तुझ्या वाट्याचा चांगुलपणा लोकांनी उचलून माझ्या पदरात टाकला, आणि मी तो घेऊन बसलो, पुन्हा एकदा.

सभा उठली. माणसं मला नमस्कार करून जात होती. शांतावहिनी बायकांतून उठली आणि ओट्याच्या पलीकडून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते.

"भाऊजी, तो लाल रंग तुमीच भरला होता?"

"हो, वहिनी."

 एवढ्या सभेत तिचाच माझ्या बोलण्यावर विश्वास बसला होता.

"मंग तवाच काऊन नाही सांगतलं?"

"त्या महिन्यात माझा कायम होण्याचा कागद येणार होता."

"आला ना तो?"

"आला."

"त्याच महिन्यात आला?"

"हो."

"मंग त्याच्या पुढच्या महिन्यात काऊन नाही सांगतलं, भाऊजी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. ओट्यावर दोन्ही हात टेकून ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. दामू, या वेळी माझ्यासाठी उठून बोलणारं शेजारी कोणी नव्हतं.